तळ्यावरचं हळदकुंकू

सुलेखा एका हातानं गाडी चालवत होती, दुसऱ्या हातानं मागच्या सीटवरचं बियांचं चित्र चाचपत होती.

"आई, यंदा एंट्री घेतलीच पाहिजे जत्रेवाल्यांनी. गेल्या वर्षी तीळ इथं पिकत नाही म्हणून परत पाठवलं. यंदा दाणा न् दाणा मिनेसोटाचा. आणि रंग म्हणाल तर शपथेलासुद्धा नाही. रंगाचा ठिपका दिसला की बाद!"

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, रत्नाबाईंनी, पदरानं कपाळ पुसलं.

राज्याच्या जत्रेत शंभराहून अधिक वर्षं लोक गायी आणतात, लोणची आणतात, गोधड्या आणतात. बियांची चित्रंही आणतात. सुलेखानं उन्हाळाभर सातूचं फिकट तळं मांडलं होतं, त्यात काळ्या घेवड्याचा पाणपक्षी. आज सकाळी सून अंघोळीला गेली, आणि रत्नाबाईंना ते चित्र उघडंबोडकं वाटलं. रांगोळी काय, चित्र काय, हळदकुंकवावाचून का कुठं घराबाहेर पडतं? पाण्यात बुडवून त्यांनी पक्ष्यापुढच्या तळ्यावर हळदीचं आणि कुंकवाचं एकेक बोट टेकवलं होतं, गुणगुणत:

सातूचं ग बाई तळं, दाण्यादाण्यानं भरलं,
माझ्या सुनेच्या हातानं, पाणी उन्हात तरलं.

आणि वरून कापड झाकलं होतं.

"एसी वाढवू का? घाम आलाय तुम्हाला."

"नको गं."

आता सांगावं. पुढच्या सिग्नलला सांगावं. सिग्नल आला, हिरवा झाला, गेला.

जत्रा अजून उघडायची होती. मोठ्या पाळण्याला पाळणेच लागले नव्हते. शेडमध्ये रांग, आणि रांगेच्या टोकाला भिंग घेऊन चित्रं तपासणारी म्हातारी मार्लिन. पुढच्या माणसाचं चित्र तिनं मान हलवून परत केलं. तो ते काखेत मारून निघून गेला.

सुलेखानं कापडाला हात घातला.

"थांब," रत्नाबाईंनी तिचं मनगट धरलं. "मी सकाळी हळदकुंकू लावलंय."

"कशाला?"

"तळ्याला."

सुलेखानं कापड उचललं. पाण्यावर एक पिवळं बोट, एक लाल. तिचा चेहरा उतरला. "आई, अहो... विचारायचं तरी!"

मार्लिननं भिंग टेकवलं. "हा रंग आहे?"

"काढता येईल?" सुलेखानं फ्रेम आपल्याकडे ओढली.

"काउंटर बंद होईपर्यंत. रिकामी जागा राहिली तर मार्क जातील, एंट्री राहील."

सुलेखानं काउंटरवरचा चिमटा घेतला आणि घाईघाईनं दाबला. एक चांगला दाणा उडाला.

"दे इकडे. मीच लावलं, मीच काढते." रत्नाबाईंनी चिमटा बाजूला ठेवला आणि तांदळातला खडा वेचावा तसे नखानं दाणे उचलले. डिंकासकट एकेक. मागून कुणीतरी खाकरलं. शेवटचा लाल दाणा सुटेना. नख तुटलं, मग सुटला. कुंकू पायदळी नको म्हणून त्यांनी सारे दाणे पदराच्या टोकाला बांधले.

मार्लिननं पुन्हा भिंग फिरवलं. फिरवलं, थांबली. मग एंट्रीच्या चिठ्ठीवर नाव लिहून ती फ्रेमला बांधली.

सुलेखा भिंतीकडे जाणाऱ्या चित्राकडे बघत राहिली. फिकट पाण्यात खालच्या काळ्या पाटीचे दोन डाग उघडे पडले होते.

"भोकं दिसणार, आई."

"दिसू देत. आत्ताच कुणीतरी बुडी मारलीय म्हणायचं. वर येईल की."

सुलेखा हसली नाही. पण गाडीकडे जाताना तिनं सासूचं तुटलेलं नख बघायला हात हातात घेतला, आणि सोडला नाही.