पहिली पंधरा मिनिटं

चिठ्ठी नखाएवढी, तिच्यावर तीनचा आकडा, आणि धरणाऱ्या बोटांनी ती अशी चुरगाळली होती की आकडा काही केल्या नीट दिसेना — मोठ्या मॅडमनी चष्मा वर सरकवला. म्हणजे तिसरा भाग गुळणीच्या वाट्याला आला तर! हे नाव त्यांनीच ठेवलेलं; पहिल्या वर्षी, भर वर्गात, 'मिठाची गुळणी धरून बसलीस का गं?' — वर्ग हसला होता, मुलगीही थोडीशी हसली होती... आणि मग दोन वर्षं बोललीच नव्हती.

नर्सिंग कॉलेजच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत आज रक्त चढवण्याचा पाठ होता. शिकवायचा मात्र मुलींनीच. चौघींचा एक गट. प्रत्येकीनं एकच भाग तयार करायचा, तो बाकीच्या तिघींना शिकवायचा, आणि शेवटी कुणाही एकीला उभं करायचं — तिला पडतील तेच मार्क चौघींना. ही टूम धाकट्या मॅडमची, मोठ्या मॅडमच्याच एके काळच्या विद्यार्थिनीची. सत्तावीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईला भिंतीकडेला स्टूल देऊन ती म्हणाली होती, "तुम्ही आज फक्त बघा, मॅडम." बघा! चार आंधळ्यांनी एकमेकांचे हात धरले म्हणून काय रस्ता दिसतो?

"माझे मार्क हिच्या भरवशावर?" कायम पहिली येणारी मुलगी कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

तयारीची वीस मिनिटं संपली. गुळणी खाटेवरच्या पुतळ्यापाशी गेली, त्याच्या रबरी मनगटावर तिनं बोटं टेकली.

"रक्त सुरू झालं की पहिली पंधरा मिनिटं इथून हलायचं नाही," ती म्हणाली. आवाज बारीक, पण तुटला नाही.

"थंडी वाजतेय म्हणाला तर? पांघरूण घालू?" कायम पहिली येणाऱ्या मुलीनं विचारलं.

"आधी रक्त बंद. थंडी म्हणजे रक्त सोसत नाहीये. पांघरूण मग."

"आणि सिस्टर कामात असतील तर? थांबू?"

"थांबायचं नाही. बंद करायचं आणि तिथूनच हाक मारायची. बोलणी नंतर खाऊ."

बोलणी नंतर खाऊ... इतकं सोपं? मोठ्या मॅडमना आपल्या शिकाऊ दिवसांतली ती सकाळ दिसली: खिडकीजवळची खाट, रक्त चढत असलेली ती बाई, कुणाची तरी आई, तिची थरथरणारी हनुवटी... सिस्टर डॉक्टरांशी बोलत होत्या, आणि मी, एकोणीस वर्षांची, सगळं पुस्तक तोंडपाठ असलेली, त्यांचं बोलणं संपायची वाट बघत उभी होते... बाई वाचली. मला कुणी काही विचारलंही नाही. पण ती हनुवटी...

पहिलीनं रक्त बंद करायला नळीवरचं चाक फिरवलं ते उलटं. गुळणी हसली नाही. तिचा हात धरून तिनं चाक पुन्हा फिरवायला लावलं, एकदा, दोनदा, मग म्हणाली, "आता डोळे मिटून." मोठ्या मॅडम नकळत पुढे झुकल्या. सत्तावीस वर्षांत माझं शिकवणं मुलींना पाठ झालं. हे मात्र सरळ बोटांत उतरत होतं! आणि हे करत होती ती मुलगी, जिला मी...

धाकट्या मॅडमनी पहिलीलाच उभं केलं. ती घडाघडा बोलली, तिसऱ्या भागाशी आली तेव्हा शब्द गुळणीचे होते, अगदी 'पांघरूण मग' सकट.

"एक विचारू?" मोठ्या मॅडमनी म्हटलं. "सिस्टरच म्हणाल्या, तू गप्प बस, तुला काय कळतं... तर?"

पहिलीनं बाकीच्या तिघींकडे पाहिलं. चारही डोकी जवळ आली, खुसपूस झाली. मग गुळणीनंच मान वर केली.

"मग चौघी मिळून सांगू, मॅडम. एकटीनं सांगितलं की एकटीच खोटी पडते."

"बरोबर," मोठ्या मॅडम म्हणाल्या, आणि आपला आवाज कुणीकडून आला ते त्यांना कळेना. किती सहज म्हणाली पोर! एकटी... पण त्या सकाळी मी एकटी कुठे होते? पलीकडे अजून दोघी होत्या की, माझ्याच वर्गातल्या, माझ्यासारख्याच हात मागे बांधून उभ्या. इतकी वर्षं मी समजत आले, दिसलं ते फक्त मला... त्यांनाही दिसलं असेल? त्याही माझ्याकडेच बघत असतील का — ही बोलेल, म्हणून?