एका पंख्यापुरता

लवू परब स्टुलावर चढून एअर कंडिशनरवरची पट्टी वाचत होता आणि नलिनीबाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या. मुलुंडला उन्हाळ्यात रोज वीज जाते, तर पाच केव्हीएचा जनरेटर घे, सगळं घर चाललं पाहिजे, असं चंद्रप्रकाशने मस्कतहून आईला लिहिलं होतं. लवू घाटकोपरच्या दुकानातून लोड मोजायला आला होता.

खाली उतरून त्याने कागदावर मांडणी केली. चार पंखे, फ्रिज, एअर कंडिशनर. हा सुरू होताना तिप्पट वीज ओढतो, शिवाय मे महिन्याच्या उष्म्यात यंत्राचाही दम कमी पडतो, म्हणून पाच केव्हीए लागेलच, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, यातलं एका वेळी काय काय चालतं?

नलिनीबाईंनी स्टूल उचलून जागेवर नेऊन ठेवलं.

“एक पंखा,” त्या म्हणाल्या. “मी असते त्या खोलीतला.”

एअर कंडिशनर नातवंडांसाठी बसवला होता. ती तीन वर्षांपूर्वी आली होती, बारा दिवस.

लवूने कागदावरचा पाच केव्हीएचा आकडा खोडला. एक पंखा आणि दोन दिवे लहान यंत्रावरही चालतील, त्याने सांगितलं. फक्त फ्रिज त्यावर लावायचा नाही.

“पण काकी, मोठो बटण दाबल्यार चालू होता. लहानाची दोरी ओढूक लागता. घरात कोण असता?”

“कोणी नाही,” नलिनीबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “लहानच द्या.”

मंगळवारी त्याने यंत्र ओटीवर बसवलं आणि दोरी कशी ओढायची ते दाखवलं. पाय रोवून, एका झटक्यात. नलिनीबाईंच्या दुसऱ्याच ओढीला ते धडधडू लागलं.

गुरुवारी दुपारी दोनला वीज गेली. पोलकं पाठीला चिकटलं तशा त्या ओटीवर आल्या. दोरीची मूठ धरून जरा वेळ वाकून राहिल्या. मग मूठ सोडून कुंपणाशी गेल्या.

पलीकडे रत्नप्रभाबाई एकट्याच पायरीवर बसून पदराने वारा घेत होत्या. दोघींची ओळख दिवाळीच्या फराळापुरती.

“जरा येता का?” नलिनीबाई म्हणाल्या. “मला दोरी ओढवत नाही.”

रत्नप्रभाबाई आल्या. चार वेळा ओढून त्यांना धाप लागली, तेव्हा नलिनीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून ओढली. यंत्र सुरू झालं.

आत पंखा फिरू लागला. रत्नप्रभाबाईंनी एकदा आपल्या घराकडे वळून पाहिलं. मग उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.