भाड्याच्या खोलीचं गाऱ्हाणं

पेडणे तालुक्यातल्या चोपड्याच्या मंडळात कार्यक्रम कसलाही असो, क्रिकेटचं बक्षीसवाटप असो, रक्तदान असो नाहीतर नवीन फ्रीज आणलेला असो, महादेवकाकांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय माईकला हात लावायची कोणाची टाप नव्हती. काका गावकार, म्हणजे गावचे मानकरी. देवळाकडे तोंड करून, हात जोडून ते देवाला चाललेल्या कामाची कल्पना देत आणि प्रत्येक मागणीला अख्खं सभागृह एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. ज्याने ‘व्हय’ म्हटलं तो त्या मागणीला बांधला गेला, असा गावाचा नियम. इथं बारशाच्या पोराला बोलायच्या आधी ‘व्हय म्हाराजा’ येत असेल.

त्या रविवारी दुपारी मंडळात वादविवाद होता. विषय: हिप-हॉपमधला सर्वांत भारी पहिला अल्बम कोणता? प्रत्येकाने आपला अल्बम मांडायचा, शेवटी लोकांनी हात वर करायचे आणि जो जिंकेल तो अल्बम जत्रेच्या संध्याकाळी, दशावतार उभा राहायच्या आधी, नव्या रंगमंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा. जत्रेला सगळा पेडणे महाल लोटतो. असला विषय आणि असलं बक्षीस काढायला पोरांनी वर्षभर काकांचे पाय धरले होते.

काकांनी टोपी नीट केली आणि सुरुवात केली. “बारे देवा म्हाराजा! आज हीं तुझीं लेकरां हिप... हाप... जें काय आसा तें, तेचेर वाद घालूंक बसलीं आसत. वाद जावं, पूण झगडो जावंक दिवं नाका म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दुसऱ्या रांगेत बसलेली सोनमही म्हणाली. ती नेहमीच म्हणायची आणि जोरात म्हणायची. तिचा बाप आनंदा गवंडी मात्र दाराबाहेर, पायरीजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता आणि त्याचे ओठ मिटलेले होते. चंदगडहून येऊन चोवीस वर्षं झाली, पण गाऱ्हाण्यात आपला आवाज मिसळायचा नाही हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. ज्या रंगमंचावर काका उभे होते तो त्याने बांधला होता. लाद्या बसवून झाल्या त्या दिवसानंतर त्याने त्यावर पाय ठेवला नव्हता.

“कशाला गं नादाला लागतीस त्यांच्या?” सकाळी तो म्हणाला होता. “मागच्या जत्रंलाबी गायला नाही म्हणाले न्हवं तुला?”

म्हणाले होते. गावच्या पोरांक पयलें, असं मंडळाच्या सेक्रेटरीने, म्हणजे काकांच्याच मुलाने, निहारने, गोड हसून सांगितलं होतं. सोनमचा जन्म इथला, शाळा इथली, आता तुयेच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पण निहारच्या लेखी गाव म्हणजे ज्यांची जमीन ते. तेव्हा सोनम मूग गिळून परत आली होती. यंदा गिळायचे नाहीत असं ठरवूनच ती आली होती. तिला त्या रंगमंचावर, जत्रेला, आपला अल्बम आरंभापासून अखेरपर्यंत गायचा होता. बस्स, तेवढंच हवं होतं आणि त्याच्याहून कमी काहीही नको होतं.

वाद रंगला. गौरेशने अमेरिकेतला नव्वदीचा एक अल्बम मांडला आणि मांडताना स्वतःच हळवा झाला. “वीस वर्सांचो भुरगो! आनी एक गाणें गाळूंक येना. एक!” सेजलने एका बाईचा अल्बम मांडला. ती गाते पण आणि रॅपही करते, आणि तिच्यानंतर तुमच्या सगळ्या हिरोंनी गाणाऱ्या बायका शोधत फिरायला सुरुवात केली, असं तिने गौरेशला ऐकवलं. सर्वेशने नऊ जणांच्या एका टोळक्याची बाजू घेतली. एवढी माणसं एका माईकवर, आणि कोणी कोणाच्या पायात आलं नाही, आपल्या मंडळाने शिकण्यासारखं आहे, म्हणाला. लोक हसले. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: पहिल्या अल्बमात माणूस जन्मापासूनचं साठवलेलं ओततो, दुसऱ्याला हाताशी उरतं ते उरलंसुरलं.

मग सोनम उठली. “माझो अल्बम,” ती म्हणाली, “‘भाड्याची खोली’. गावपी हांव, सोनम आनंदा.”

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग कळलं, आणि असा हशा पिकला की बाहेरची कुत्री उठून उभी राहिली.

“स्वताचोच?” निहारने माईक हातात घेतला. “संवसारांतलो सगळ्यांत बरो पयलो अल्बम, तो तुझो? लज ना मगे तुका?”

“लज कित्याक? गौरेशाच्या त्या भुरग्यान अल्बम केलो तेन्ना तेका लज दिसली?” सोनमचे कान तापले होते, पण आवाज जागेवर होता. “तो आपल्या वाड्याचें नांव घेता, आपल्या जिन्याचें नांव घेता. तुमीं तो वाडो केन्ना पळयलो ना, तरी तुमकां तो पाठ आसा. तेणें नांव घेतलें म्हणून तो वाडो जगांत आसा. हें पयल्या अल्बमाचें काम. आनी हांवें आमच्या खोल्यांचें नांव घेतलें की तुमकां हांसूं येता! हांगासून दोन मिनटांची वाट. तुमच्यांतलो कोण केन्ना आयलो थंय?”

हसू विरलं. सेजलने मान खाली घातली. खरंच कोणी गेलं नव्हतं.

तो अल्बम सोनमने खोलीत चादरीखाली बसून मोबाइलवर केला होता. घरमालकाचा पंप सुरू झाला की रेकॉर्डिंग बंद करावं लागे. शेवटी कंटाळून तिने पंपाचाच ताल धरला आणि तिसरं गाणं त्यावर रचलं. ऐकणारे ऐकत होते. डिचोलीपर्यंत, मयेपर्यंत पोरांच्या फोनवर तो पोचला होता. निहारनेही ऐकला असणार. नाहीतर पुढचं तो बोललाच नसता.

“बरें. अल्बमाचें सोड,” निहार म्हणाला. “तेचें पयलें गाणें कितें? गाराणें! गाराणें घालपाचो मान गावकाराचो. तूं भायली. तुमचो देव थंय चंदगडाक. आमच्या देवाक गाराणें घालूंक तुका कोणें सांगलें? हो अल्बम वादांतसून काडून उडोवंचो, अशें माझें म्हणणें आसा.”

आता कोणी हसलं नाही. काकांचा चेहरा कठीण झाला होता. मानाची गोष्ट होती आणि मानाच्या गोष्टीत चोपडे फार हळवं. सोनमने दाराकडे पाहिलं. आनंदा खुर्चीतून अर्धा उठला होता, आणि चल म्हणून हाताने खूण करत होता. चल, घरी चल. तिला त्या हाताचा भयंकर राग आला. चोवीस वर्षं तो हात दुसऱ्यांच्या भिंती सरळ करत होता आणि स्वतःच्या पोरीला मात्र मागे ओढत होता.

ती घरी गेली नाही. रंगमंचावर चढली, देवळाकडे तोंड केलं आणि हात जोडले. माईक निहारकडेच होता. तिला नको होता.

“बारे देवा म्हाराजा! चोपड्याच्या राखणदारा! शापोरा न्हंयच्या काठार बसलल्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सभागृह म्हणालं. म्हणणारच. श्वास घेण्याइतकीच ती सवय होती.

“ह्या तुज्या गांवांत भाड्याच्यो खोल्यो आसत. एका नळार चार बिऱ्हाडां पाणी भरतत. तीं तुका दिसतत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही सभाघराची भिंत, हो रंगमंच, चंदगडच्या आनंदान आपल्या हातांनी बांदलो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अल्बमवरचं गाऱ्हाणं इथं संपत होतं. सोनम थांबली नाही.

“तेची चली हांगा जल्मली, हांगा वाडली. ती भायली न्हय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर येत्या जत्रेक, तुज्या फुड्यात, ह्याच रंगमंचार, तिका पयल्या गाण्यासून निमाण्या गाण्यामेरेन गावंक दी. कोणाची आडकाठी येत जाल्यार ती पयस कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटचं ‘व्हय’ सगळ्यांत मोठं झालं, कारण माईक निहारच्या तोंडाशी होता. गावकाराचं पोर ते. त्याच्या जिभेने त्याला विचारलंच नाही. आणि ते विरता विरता दाराकडून एक आवाज मागाहून आला, घोगरा, एकटा, कोल्हापुरी वळणाचा: “व्हय म्हाराजा.”

सभागृहाला भान आलं तेव्हा फार उशीर झाला होता. निहारचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. “हें चलचें ना!” तो ओरडला. “आमी मुद्दाम म्हणूंक ना. तोंडांतसून गेलें!”

“तोंडांतसूनच वतां तें, आनी खंयसून वतलें?” महादेवकाका उठले. त्यांना हे आवडलेलं नव्हतं, अजिबात नव्हतं, ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी टोपी नीट केली. “तिणें घातलें तें बरोबर काय चूक, तें देव पळयतलो. पूण व्हय म्हणलां सगळ्यांनी. हांवेंय म्हणलां. आता फाटी घेवंक येना. जत्रेक तिका गावंक दियात.”

“आनी वाद?” गौरेशने विचारलं. त्याची काळजी निराळी होती.

वादाचे हात वर झाले. गौरेशचा अमेरिकन पोरगा जिंकला, चांगल्या फरकाने जिंकला. सोनमने आपला हात स्वतःच्याच अल्बमसाठी वर केला आणि सगळे खाली झाले तरी खाली केला नाही. “चूक केली तुमीं,” ती गौरेशला म्हणाली. “जत्रेक आयक, मागीर परत वाद घालूंया.” गौरेशने खुशीत मान डोलावली. वाद परत घालायला मिळतोय यापरतं त्याला काय हवं होतं!

तेवढ्यात लादीवर प्लास्टिक घासल्याचा आवाज झाला. आनंदा आत आला होता. चपला पायरीवर काढून, आपली खुर्ची उचलून तो मधल्या वाटेने चालत आला, मागच्या रांगा ओलांडून, काकांच्या रांगेपर्यंत. तिथं काकांच्या शेजारी निहार पाय पसरून बसला होता. आनंदा त्याच्यापुढे थांबला. खुर्ची त्याने खाली टेकवली.

“जरा सरका,” तो म्हणाला.

निहार सरकला.