अंबूबाईंचा गळ

अंबूबाईंनी बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या तळ्यावर तीस वर्षं मासे धरले आणि गल्लीत नाव झालं ते त्यांच्या नवऱ्याचं, आप्पाजींचं. लग्न होऊन आल्या आल्या सासऱ्यांनी बजावलं होतं, बाईमाणसानं काठावर गळ टाकून बसलेलं आपल्या घरात चालायचं नाही. मग आप्पाजींनी तोड काढली. रविवारी सकाळी दोघं जोडीनं निघत, काठी आप्पाजींच्या खांद्यावर. पलीकडच्या झुडपांआड पोचलं की काठी बायकोच्या हातात आणि आप्पाजी चादर अंथरून आडवे. परतताना मासाही त्यांच्याच हातात असे. "आप्पाजी अण्णांचा हात म्हणजे हात!" असं शेजारी म्हणत, तेव्हा ते सुरुवातीला खाली बघत, पुढं पुढं मिशीला पीळ द्यायला लागले. माणूस भला होता, पण कौतुकाची चटक काही सुटत नाही. ते गेल्यावरही अंबूबाई एकट्या तळ्यावर जात. कुणी विचारलंच तर मासा बाजारातून आणला म्हणून सांगत. हे सांगताना मात्र त्यांची जीभ जड व्हायची.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत जावई चंद्रकांत तोंड पाडून दारात उभा राहिला. पुण्याचा इंजिनियर, सरकारी कारखान्यात नवा लागलेला, बोलायला अंमळ पुढं. त्याचे वरिष्ठ कृष्णमूर्ती साहेब गळाचे वेडे. खात नसत, धरून पुन्हा पाण्यात सोडत. चहाच्या वेळी त्यांच्यापुढं हा बोलून गेला, "सर, मी तर लहानपणापासून फिशिंग करतो." झालं! रविवारी कचेरीतले सगळे सहकुटुंब तळ्यावर येणार आणि चंद्रकांतनं आपला हात दाखवायचा, असं ठरलं.

"मामी, मी मुठेत कधी पायसुद्धा बुडवला नाही हो," तो सासूला म्हणाला. "तुमची सुलभा म्हणते, आता तुम्हीच तारा."

अंबूबाई पोट धरून हसल्या. लेकीनं घरातलं गुपित फोडलं म्हणून रागवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या आधी रोज शिकवणी सुरू झाली.

"नाचणीचं पीठ, शेंगेची पेंड, वर चिमूटभर हिंग. हात साबणानं धुवायचे नाहीत, कटला माशाचं नाक लई तिखट. सावली पाण्यावर पाडू नका. आणि दोऱ्याला बांधलेलं हे तरंगतं पीस थरथरलं की लगेच ओढू नका, स्वल्प दम धरा, जावईबापू! तो अजून चव बघतोय. पीस तिरकं होऊन बुडालं की मनगटानं खेचायचं. खांद्यानं खेचायला ती काय विहिरीतली बादली आहे?"

शनिवारी चंद्रकांत बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "मामी, उद्या साहेबांसमोर यातलं काही बोलू नका. सासूनं शिकवलं म्हटलं तर कचेरीभर हसतील."

"सरी, नाही बोलत," अंबूबाई म्हणाल्या. पण त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. इतकी वर्षं नवऱ्यानं मिरवलं, आता जावई मिरवणार. आपल्या हाताला आपलं नाव कधीच लागायचं नाही का?

रविवारी त्या बायकांच्या घोळक्यात डबे राखत बसल्या. तिकडं चंद्रकांतचं पीस थरथरलं. त्यानं दम धरला. पीस तिरकं झालं, बुडालं, आणि त्यानं अगदी शिकवल्याबरहुकूम मनगट उचललं. काठीचं पितळी चाक करकरत फिरलं. मासा मोठा होता. तो सरळ कमळांच्या वेलींत घुसला आणि तिथंच अडकून बसला.

"पुल! पुल!" साहेब ओरडले. चंद्रकांत ओढू लागला. दोरा ताणून वाजायला लागला. अजून दोन हिसके, की तुटलाच! अंबूबाईंनी पदराचा बोळा तोंडावर धरला. पाचच दिवसांत वेलींचा धडा शिकवायचा राहून गेला होता, आणि शब्द तर देऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात चंद्रकांत मागं वळला आणि सगळ्यांच्या देखत जिवाच्या आकांतानं ओरडला, "मामी! आता काय करू?"

अंबूबाई उठल्या, पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात शिरल्या. "काही करू नका! दोरा सैल सोडा. अजून. पार ढिला!"

"मासा जाईल की!" साहेब कन्नडमध्ये म्हणाले.

"कुठं जातोय?" अंबूबाईंनी कन्नडमध्येच ठणकावलं. "आपण ओढतो म्हणून तो रुतून बसतो. ओढणारा गप्प झाला की आपल्या पायांनी बाहेर येतो. बघा."

चंद्रकांतनं हात सैल सोडला. दोरा पाण्यावर लोळत होता. मग तो हळूच सरकला, वेलींपासून लांब, उघड्या पाण्याकडं. "आता!" अंबूबाई म्हणाल्या. पंधरा मिनिटांनी सात-आठ शेरांचा कटला काठावर आपटत होता.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

चंद्रकांतनं घाम पुसला. "माझ्या सासूबाई. सर, मी थाप मारली होती. सोमवारपर्यंत मला गळ कसा धरतात तेही ठाऊक नव्हतं. सगळं यांनी शिकवलं. तीस वर्षं या तळ्यावर मासे धरतात त्या. यांच्यासारखा हात अख्ख्या बंगळुरात नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. अंबूबाई पाण्यातच ताठ उभ्या होत्या. अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला होता आणि तो कुणाला दिसला तरी त्यांना चालणार होतं.

साहेबांनी हात जोडले. "अम्मा, दोन वर्षं येतोय मी इथं. माझ्या गळाला कटला लागत नाही. माझं चुकतं काय?"

अंबूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आधी ते बूट काढा," त्या अर्ध्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "काठावर धाडधाड चालता. बूट वाजले की गुमान जागेवर बसायला मासे काय तुमच्या कारखान्यात कामाला आहेत?"

साहेब तिथंच ओल्या मातीत बसले आणि नाड्या सोडू लागले.