मंगळवारची बाई

पुलगावहून निघालेली छोटी गाडी आर्वीला येऊन संपायची. पुढे रूळच नव्हते. इंजिन सुटून पाणी घ्यायचं, दुसऱ्या टोकाला येऊन लागायचं आणि गाडी आल्या वाटेनं परत जायची. त्यासाठी रुळांचे सांधे बदलायचं काम नत्थूजीकडे होतं. स्टेशनामागच्या क्वार्टरात तो, त्याची बायको भागीरथा आणि लहानगी मुलगी राहायची.

पंचावन्न सालच्या होळीनंतर नत्थूजी बाहेर ओट्यावर झोपू लागला. आत गरम होतं म्हणाला. मग त्यानं आपलं ताट आणि तांब्या वेगळा काढला. मुलगी अंगावर झेपावली की तिला हळूच खाली ठेवायचा. भागीरथानं विचारलं तर म्हणायचा, "काई नाई. अंग कोळशानं भरून रायते."

त्याच सुमारास तिला ती बाई दिसली. दर मंगळवारी गाडीतून उतरायची, हिरवं लुगडं, पदर हातांवर ओढून घेतलेला. गावात जायची नाही. पाण्याच्या टाकीमागे नत्थूजी तिला भेटायचा. ती त्याच्या हातात काहीतरी द्यायची आणि त्याच गाडीनं परत जायची.

"ते टाकीमागची कोन आहे?" भागीरथानं जेवताना विचारलं.

नत्थूजीचा घास हातातच राहिला. "पुलगावची आहे. भावाले कामावर लावा म्हनते."

खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. उरलेलं जेवण त्यानं मान वर न करता संपवलं.

शेजारच्या रुख्माबाईनंही टाकीमागचं पाहिलं होतं. ती म्हणाली, "मानसाचं मन बाहेर लागलं का पहिले बिछाना बाहेर जाते, बाई."

एक दिवस भागीरथानं त्याच्या कोटाचे खिसे चाचपले. कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या निघाल्या. त्या बाईनं ह्याला काही घालून वश केलं, हे पहिल्यांदा मनात आलं. मग दुसरं आलं, की या गोळ्या आपल्यासाठी तर नाहीत? त्या दिवसापासून नत्थूजीनं भरलेल्या माठातलं पाणी ती प्यायली नाही, मुलीलाही पिऊ दिलं नाही. विहिरीवरून स्वतः घागर आणू लागली. नत्थूजीनं ते पाहिलं, पण काही विचारलं नाही. त्यामुळे तिचा संशय आणखीच पक्का झाला.

पुढच्या मंगळवारी मुलीला रुख्माबाईकडे ठेवून भागीरथा परतीच्या गाडीत चढली आणि त्या बाईच्या समोर जाऊन बसली. गाडी हलली तेव्हा सांध्याजवळ उभ्या नत्थूजीला ती खिडकीत दिसली. त्याचा चेहरा उतरला.

"नत्थूजीची घरवाली का तुमी?" बाईनंच विचारलं. "मी आनंदाबाई."

"त्याले काय देतं तू?"

आनंदाबाईनं डब्यात नजर फिरवली. माणसं दूर बसली होती. तिनं हातांवरचा पदर सारला. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती.

"मले महारोग झालता. आता बरी आहो. वर्ध्याले दवाखान्यात काम करतो. तुमच्या मालकाच्या पाठीवर चट्टा आहे, तिथं टोचलं तरी त्याले समजत नाई. लवकर समजलं, गोळ्यांनं बरा होईन. पन त्याले घडीघडी सुट्टी भेटत नाई, आन् इथं दाखवलं तं नोकरी जाईन म्हनते. म्हनून डॉक्टर माह्या हाती पाठवते."

भागीरथा म्हणाली, "मले काऊन नाई सांगितलं त्यानं?"

"मी सांगितलं होतं माह्या नवऱ्याले," आनंदाबाई म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

पुढच्या स्टेशनावर उतरून भागीरथा रुळांच्या कडेनं उन्हात परत चालत निघाली. सवत असती तर भांडता आलं असतं, झिंज्या धरता आल्या असत्या. या रोगाशी कसं भांडायचं, हे तिला कळेना.

ती पोचली तेव्हा नत्थूजी ओट्यावर बसला होता.

"मले वाटलं माहेरी गेली."

"पाठ दाखवा."

त्यानं सदरा काढला. खांद्याखाली तांबूस चट्टा होता. तिनं त्यावर नख रोवलं.

"लागते?"

"काय?"

तिनं आणखी जोरानं रोवलं. त्याला कळलंच नाही. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

पुढच्या मंगळवारी तिनं आनंदाबाईला घरात बसवून जेवू घातलं. वाढताना भाकरी पानात टाकली की हातात दिली, यावर आनंदाबाईचं लक्ष होतं. भागीरथानं हातात दिली. दारातून रुख्माबाईनं ती बोटं पाहिली. त्या दिवसापासून तिनं यांच्याकडे येणं सोडलं, आणि गोष्ट फलाटभर झाली. स्टेशनमास्तर महादेवरावांनी नत्थूजीला दारातच उभं करून विचारलं. त्याच्यापासून आता कोणाला भय नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं, म्हणून नोकरी राहिली. पण त्यानं पुढे केलेली तंबाखू कोणी घेईना.

काही वर्षांनी चट्टा गेला. बोटं धड राहिली. तो पुन्हा घरात झोपू लागला.

भागीरथाची मात्र एक सवय सुटली नाही. मुलीला न्हाऊ घालताना ती तिला उजेडाकडे पाठ करून उभी करायची आणि जागोजागी चिमटे घ्यायची. मुलगी ओरडली की तिच्या जिवाला बरं वाटायचं. पोरीच्या अंगावर कधीच काही उठलं नाही. तरी ती बघत राहिली, पोर लग्नाला येईपर्यंत.