निकिताच्या भाराचा गूळ

"गुळाले जागा हाये, माह्या पायाले नाही," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

कळंबच्या स्टँडवरून देवळाकडे निघालेल्या ऑटोत आम्ही चौघं होतो आणि गुळाची गोणी. गोणी सासूबाईंच्या, म्हणजे लीलाबाईंच्या पायांत, आणि निकिता माझ्या मांडीवर. लेक बारा वर्षांची झाली, पण मान अजून माझ्या दंडावरच टाकते. पुढे ड्रायव्हरशेजारी माझा दीर गोपाल. निकिताचे वडील आले नव्हते, कापूस वेचणीच्या बाया लागल्या होत्या म्हणे. देवाचं काही निघालं की त्यांच्या शेतात नेमक्या बाया लागतात.

निकिता सातव्या महिन्यात झाली. यवतमाळच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा सासूबाई इथं चिंतामणीला बोलल्या होत्या, की पोरगी जगू दे, तिच्याभार गूळ वाहीन. पोरगी जगली. तेव्हाच नवस फेडला असता तर पाच-सहा किलोत भागलं असतं. पण सासूबाई म्हणाल्या, आधी मान धरू दे. मग म्हणाल्या, बसू दे. मग चालू दे. शेवटी शेवटी, निदान आई तरी म्हणू दे. दुकानदारानं फुटकी वस्तू गळ्यात मारली की गिऱ्हाईक पैसे अडवतं, तसा त्यांनी देवाचा गूळ अडवून ठेवला.

दर चतुर्थीला मात्र त्या कळंबला यायच्या. नारळ मीच पिशवीत घालून द्यायची. नातीसाठी म्हातारी बसचे धक्के खाते, असं गावात त्यांचं नाव होतं. परत आल्या की दोन दिवस त्या निकिताकडे पाहत नसत. ते मला दिसायचं. घरात सगळ्यांनाच दिसायचं. देवाजवळ काय मागितलं, हे कोणी विचारलं नाही.

आता गोपालच्या बायकोला, ममताला, सातवा लागला आहे. राहिलेला नवस पोटातल्या लेकरावर येतो, असं कोणीतरी सासूबाईंच्या कानात घातलं. म्हणून आज निकिताचा भार निघाला. कोणासाठी निघाला ते मला कळत होतं. तरी मी तिला नवा फ्रॉक शिवला. ही देवानं दिली, असं बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी चारचौघांत म्हणणार होतं. मला तेवढंच ऐकायचं होतं.

देऊळ जमिनीखाली आहे. निकिताला उचलून मी पायऱ्या उतरले, दर्शन घेतलं, पुन्हा चढले. वर मांडवात तराजू टांगला होता. पारड्यात तिला बसता येईना. अंग ताठ व्हायचं आणि ती घसरायची. तराजूवाले काका म्हणाले, बाई, अंदाजानं वाहा, देवाले चालते. देवाला चालत असेल, मला चालत नव्हतं. अंगावरची शाल काढून मी तिला पारड्याच्या दोरांना बांधलं. पारडं हललं तशी ती हसली. तिला तो झोका वाटला.

गोपाल समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या ठेवत गेला. मागे दवाखान्यात तिचं वजन चोवीस किलो भरलं होतं, म्हणून गूळही तेवढाच आणला होता. गोणी रिकामी झाली, तरी निकिताचं पारडं खालीच.

"वाढली हाये," मी म्हणाले.

भात कुस्करून भरवलेला एकेक घास तिथं तराजूत दिसत होता, पण पाहणारी मी एकटीच.

गोपाल बाहेरच्या दुकानातून आणखी एक भेली घेऊन आला. ती काकांनी त्याला ठेवू दिली नाही. नवस ज्यानं बोलला, त्यानंच आपल्या हातानं शेवटची भेली ठेवायची, आणि काय मागितलं होतं ते मोठ्यानं म्हणून ठेवायची, अशी तिथली रीत.

सासूबाईंनी भेली हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. ऑटोवाला थांबला आहे, असं गोपालनं दोनदा सांगितलं.

"म्हना ना, आई," मी म्हणाले. "जगू दे म्हनून मागतलं होतं ना तुम्ही."

त्यांनी निकिताकडे पाहिलं. ती अजून हसतच होती. मग त्या काकांकडे वळल्या.

"जगू दे, हे एकदाच मागतलं," त्या म्हणाल्या. "मंग साऱ्या चतुर्थ्या, इले घेऊन जाय म्हनून मागून राह्यली. आता हा गूळ कोन्या नवसाचा ठेवू, तुम्हीच सांगा."