परतीचा वारा

पडद्यावरचा हिरवा ठिपका समुद्राकडे सरकत होता, आणि वारेवाली पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झुकली. त्या ठिपक्यात तिची सख्खी धाकटी बहीण बसली होती.

वारेवाली हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. फुग्यांच्या तळावर वाऱ्याचा अंदाज सांगायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. धाकटी घरात चिमणी. लहानपणी कपाटावर चढून बसायची आणि उतरवायला ताईला हाका मारायची. ही चिमणी आज सकाळी एका बंद कुपीत बसून, भल्यामोठ्या फुग्याखाली लोंबकळत, विमानंही जिथे फिरकत नाहीत तिथे गेली होती. बेत साधा होता. पूर्वेचा वारा तिला समुद्राच्या दिशेने नेणार. मग ती थोडी वर चढणार, तिथे पश्चिमेचा वारा भेटणार, आणि तो तिला आल्या पावली जमिनीवर परत आणणार. हा परतीचा वारा किती उंचीवर भेटेल, ते वारेवालीने सांगितलं होतं.

चिमणी त्या उंचीवर पोहोचूनही बराच वेळ झाला होता. ठिपका मात्र समुद्राकडेच चालला होता.

"कुठाय गं तुझा वारा?" उड्डाणप्रमुखांनी विचारलं. त्यांना सगळे आबा म्हणत. एरवी चहा गार झाला तरी ओरडणारा हा माणूस आज हळू बोलत होता, आणि त्यानेच तिला धडकी भरली.

"थोडा वर असेल," ती म्हणाली.

तिथे वर दोन वारे नांदतात, एकाच घरात वरखाली राहणाऱ्या जावांसारखे. खालची संथ. आधी पूर्वेकडून, मग पश्चिमेकडून वाहायचं, अशी तिची एक फेरी पुरी व्हायला सव्वादोन वर्षं तरी लागतात. वरची चंचल, वर्षातून दोनदा तिची फेरी पुरी होते. नवा वारा आधी वर उगवतो आणि महिन्यामहिन्याने खाली उतरत येतो. त्याला पहिला धक्का देते ती वरची. ढगांतून उठणाऱ्या हवेच्या लाटांवर दोघींचं पोट. पण खालच्या मजल्यावर नळ मोकळा सोडला की वर पाणी चढत नाही, हे कुणाही बाईला सांगायला नको. यंदा खालचीच्या पायथ्याशी जुन्या पश्चिमेच्या वाऱ्याचा पातळ थर रेंगाळला आणि वरचीच्या वाट्याच्या लाटा त्यानेच गिळल्या. उपाशी वरचीने धक्का दिला तोही नावापुरता, म्हणजे नवा पश्चिमेचा वारा नेहमीच्या उंचीपर्यंत उतरेलच याची खात्री नव्हती. उपग्रहाचे आकडे तसं सांगत होते. वारेवालीने ते पाहिले होते आणि "हिचे नखरे नेहमीचेच" म्हणून सोडून दिले होते. तळावर सगळ्यांचंच असं होतं. संथ खालचीवर सगळ्यांचा भारी विश्वास, वरचीकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

तेवढ्यावर भागलं असतं. वारा मोजायला तळावरून रोज सकाळी छोटे रबरी फुगे सोडत. पण यंदाचा रबराचा माल भिकार निघाला. फुगे त्या उंचीच्या अलीकडेच फुटत. मग वारेवालीने तक्त्यावरची वाऱ्याची रेघ नेहमीच्या अंदाजाने त्या उंचीपर्यंत पुढे ओढली. तळाचा नियम असा, की मोजलेलं असेल तर सलग रेघ, अंदाज असेल तर ठिपक्यांची. तिने ठिपकेच दिले होते. पण बैठकीसाठी तक्ता नीट उतरवताना तिने त्या ठिपक्यांवरून पेन फिरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. नीटनेटकं दिसावं म्हणून, बस्स. रेघ सलग झाली, बैठकीत माना डोलल्या, आणि चिमणी वर गेली.

"ताई," रेडिओ खरखरला, "खाली पाणी दिसायला लागलंय. अजून वर जाऊ का?"

आबांनी माईकवर हात ठेवला. "वर जायचं तर उरलंसुरलं वजन टाकावं लागेल. वारा मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर ती थेट समुद्रात, आणि आपली बोट तिथवर पोहोचायची नाही. आत्ता फुग्याची झडप उघडून वायू सोडला तर किनाऱ्यालगतच्या खडकांत उतरेल. हातपाय मोडतील, जास्तही काही होईल. बोल लवकर. तुझी रेघ पक्की आहे ना?"

'हो' अगदी ओठांवर होतं. हो म्हटलं की खडक टळत होते, आणि तिची चूकही झाकली जात होती. वारा असेलही वर, कुणी सांगावं! बहिणीचा जीव टांगणीला लागलेला असताना आपल्याला आपली लाज आठवावी, याची तिला स्वतःचीच भीती वाटली.

"नाही, आबा. ठिपक्यांची होती. मीच गिरवली."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. त्यांनी माईक तिच्यापुढे सरकवला. "सांग तिला. तुझंच ऐकेल."

"चिमणे, वर जाऊ नकोस. वर वारा नाही. झडप उघड आणि खाली ये."

"खाली खडक आहेत, ताई."

"माहीत आहे मला. ये."

"बरं," चिमणी म्हणाली. एवढंच.

फुगा उतरत गेला, डोंगराआड गेला आणि रेडिओ मुका झाला. वारेवाली खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. कुणीतरी पाणी आणून दिलं. तिने पेला तसाच बाजूला ठेवला. देवा, माझी नोकरी घे, डोळे घे, काय हवं ते घे, असं ती मनात बडबडत होती. शेवटी हेलिकॉप्टरवाल्याचा निरोप आला. कुपी दोन खडकांच्या बेचक्यात अडकली होती. पाय मोडला होता, खांदा निखळला होता. बाई शुद्धीवर होती आणि हेलिकॉप्टर उशिरा आलं म्हणून भांडत होती.

दवाखान्यात वारेवालीने एका दमात सगळं सांगून टाकलं. ठिपके, पेन, बैठक. चिमणी छताकडे बघत ऐकत होती.

"रागव ना गं," ताई म्हणाली. "निदान चार शिव्या तरी दे."

"तू वर जा म्हणाली असतीस ना, तर गेले असते मी," चिमणी म्हणाली. "वजनाच्या कळीवर बोट ठेवूनच बसले होते. आधीही तुझंच ऐकलं, नंतरही तुझंच." औषधाने तिचे डोळे मिटायला लागले होते. "पाय बरा झाला की पुन्हा जाणारे मी. वारा तूच सांगायचास हं. दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही मी."

आणि ताईचा हात धरून ती निर्धास्त झोपली. इतकी भीती वारेवालीला सकाळपासून एकदाही वाटली नव्हती.